नावेवरचं कापड

कापड वाळलं की नाही हे उखाआबा हातानं कधी पाहत नसत. ते गुडघ्यावर बसायचे, वाकून गाल कापडाला लावायचे आणि डोळे मिटून थोडा वेळ तसेच राहायचे. नवख्याला वाटावं, म्हातारा देवापुढं डोकं टेकतोय. मग उठून एक तर "करा घडी" म्हणायचे, नाही तर काहीच न बोलता कापडाची दुसरी बाजू उन्हाला द्यायचे. मी एकदा विचारलं होतं, की आबा, हात लावून कळत नाही का. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"हात खोटं बोलस, माय. गाल नही बोलस."

मी नशिराबादची. शिकले जळगावला आणि नोकरी लागली ती पार धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात, तापीवरच्या एका बॅरेजवर लिपिक म्हणून. ऑफिसच्या दोन-तीन खोल्या, मागे क्वार्टरची एक रांग, समोर अडवलेलं पाणी. रुजू झाले तेव्हा आषाढ होता. एक उंच, वाळका म्हातारा दारात येऊन उभा राहिला आणि नाक वर करून वास घेऊ लागला. मला वाटलं, नव्या बाईला पाहायला आला असेल. तो सरळ कपाटामागे गेला, मी तिथं कोंबलेली ओली छत्री बाहेर काढली आणि "ही छत्री मरी ऱ्हायनी" एवढं बोलून ती व्हरांड्यात उघडून टांगली. माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

नाव त्यांचं खरं उखर्डू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्यांना जन्मल्यावर उकिरड्यावर टेकवून उचललं होतं. असं नाव ठेवलं की मरण फिरकत नाही, अशी आमच्याकडे समजूत. आबा म्हणायचे, माझ्याकडे फिरकलं नाही खरं, पण शेजारीपाजारी हिंडत राहिलं. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. बॅरेजवर ते नावाडी होते. कागदावर त्या पदाला मोठं नाव आहे, पण ते कुणी घेत नसे.

नाव म्हणजे फायबरची एक बोट, मागे मशीन लावलेली. एरवी ती गेटांची पाहणी करायला लागायची. तिचं खरं काम पुरात. तापीला वरून पाणी सुटलं की काठावरच्या शेतांत, खळ्यांत कोणी ना कोणी अडकायचंच, आणि मग आबा आणि त्यांची नाव. ही नाव वर्षभर काठाच्या बाभळींखाली पाण्यात, उघड्यावर बांधलेली असायची आणि तिच्यावर आबांनी स्वतः शिवलेलं जाड सुती कॅनव्हासचं कापड असायचं. खाली बांबूच्या कमानी, त्यावर ताणून बसवलेलं, कडेनं दोरीनं आवळलेलं. पाणी त्यावर थांबता कामा नये, घरंगळून गेलं पाहिजे. नावेत पाणी साचलं तर मशीन बुडेल आणि मशीन बुडालं तर माणूस बुडेल, हे गणित ते आल्यागेल्याला ऐकवत. माणसं हो हो म्हणत आणि विसरून जात.

त्यांचं खरं वैर बुरशीशी होतं. नदीकाठची हवा, झाडाची सावली, पाखरांची शीट आणि सुती कापड, म्हणजे बुरशीला पंगतच. पावसाळा सरता सरता कापडावर काळे-हिरवे ठिपके उठत. आबा त्यांच्याबद्दल भावकीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे, की हा गेल्या वर्षी या कोपऱ्यात होता, यंदा इकडे सरकला. चैत्रात एकदा मोठी धुलाई व्हायची. त्या दिवशी आबांच्या तोंडाला लागू नये असं सगळ्यांना माहीत होतं. कापड क्वार्टरपासून लांब, वाऱ्याच्या तोंडाला नेऊन दोरीवर टाकायचं, तोंडाला उपरणं बांधून आधी कोरडंच मऊ ब्रशनं झाडायचं. ओल्यावर ब्रश मारला तर बुरशी आत शिरते म्हणून तो शिव्या खायचा विषय. मग किसलेल्या साबणाच्या कोमट पाण्यानं धुवायचं. डाग हट्टी असेल तर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवायचं, किंवा धुळ्याहून आणलेला सिरका पाण्यात घालून लावायचा. पाणी निवळ येईस्तोवर खंगाळायचं आणि मग ऊन. आमच्या खानदेशात दुसरं काही मिळो न मिळो, ऊन मिळतं. पूर्ण वाळल्यावर शिवणीवरून मेण फिरवायचं की झालं.

ब्लीचिंग पावडरचं नाव काढलेलं मात्र त्यांना खपत नसे. टाकीच्या पाण्यासाठी ऑफिसात तिची पोतीच्या पोती पडलेली असायची. चिमूटभर टाकलं की कापड पांढरंफेक होईल, कशाला एवढा खटाटोप, असं कुणीतरी दर वर्षी म्हणायचंच. आबा म्हणायचे, ती पावडर डाग खाते आणि मग दोरा पण खाते, वरून कापड नवरीसारखं दिसतं आणि आत शिवण मेलेली असते.

हे नाकाचं वेड इतकं, की त्यांना चारचौघांत न्यायची चोरी. दोंडाईच्याला एका लग्नात त्यांनी बसायची गादी उचलून हुंगली, नाक मुरडलं आणि उभ्यानंच जेवले. नवरीचा मामा खवळला. तेव्हा आबांचे जिवलग पंडितभाऊ पुढं झाले आणि आबांना मूळव्याध आहे असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. परतीच्या एसटीत आबा त्यांच्याशी बोलले नाहीत. पंडितभाऊ वाटभर हसत होते आणि दर खड्ड्याला "आबा, दुखस का?" म्हणून विचारत होते.

पंडितभाऊ हे आबांचं दुसरं अर्धं. ते उपसा सिंचनाच्या पंपहाऊसवर ऑपरेटर होते. बुटके, गोल, सदा बोलणारे. त्यांच्या बायकोला, शांताक्कांना, मी पहिल्यांदा पाहिलं ते डबा घेऊन येताना. आबांची बायको गेल्यापासून त्यांची दोन वेळची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी शांताक्काच करत. कुणी सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. आबा डबा रिकामा करून घासायचे, उन्हात पालथा घालायचे आणि वाळल्यावरच परत द्यायचे.

उन्हाळ्यात नावेला काम नसायचं, मग आबांचं कापड क्वार्टरमधल्या, गावातल्या लग्नांत मांडव म्हणून जायचं. द्यायचे ते, पण अटी घालून. खिळा मारायचा नाही, दिव्यांच्या माळा लावायच्या नाहीत, खाली चूल नको, आणि कार्य आटोपलं की दुपारच्या उन्हात कापड परत. ते परत येईस्तोवर आबांचा जीव थाऱ्यावर नसे. पंडितभाऊ म्हणायचे, बिनलेकीच्या माणसाला देवानं ही एक लेक दिली, वर्षाला दहा ठिकाणी सासरी धाडतो आणि दहा वेळा रडतो. स्वतःची लेक रेखा तेव्हा शाळेत होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते एकदा भर ऑफिसात म्हणाले होते, "मन्ही रेखानं लगीन याच कापडखाले व्हई. तोपावत फाडू नको."

"तू फाटशी, कापड नही फाटाव," आबा म्हणाले होते. आम्ही सगळे हसलो होतो. पुढं काय वाढून ठेवलंय हे कुणाला माहीत असतं?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते आणि सोमवारी विसर्जनाला नदीवर जाते. त्या वर्षी पंडितभाऊंच्या भावकीची कानबाई त्यांच्या दारी होती. पाऊस हटायला तयार नव्हता. रात्रभर गाणी म्हणायला बायका येणार, भावकी रोटाचा प्रसाद खायला येणार, अंगणात चिखल. शांताक्का आबांकडे आल्या आणि कापड मागितलं. पावसाळ्यात नाव उघडी टाकून आबांनी कापड कुणाला दिलं नव्हतं. पंडितभाऊ शेजारी उभे राहून म्हणाले, की लग्नाला देतोस आणि देवीला नाही म्हणतोस का. आबांनी नावेवर प्लास्टिक टाकलं आणि कापड दिलं.

मी होते त्या रात्री. कापडाखाली दाटीवाटीनं बसून बायका गात होत्या, वरून पाणी घरंगळत होतं, आत एक थेंब नाही. आबा खांबाला टेकून कापडाकडेच बघत होते. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन सगळ्या नदीवर गेल्या. परत आल्यावर आबा कापड उतरवायला लागले. ते ओलं होतं, कडांना हळदकुंकू, तूप, पिठाचे हात लागलेले. आबांनी बादली आणि साबण काढला, तेवढ्यात शांताक्का बाहेर आल्या.

"आबा, ते कानबाईना डोकावरनं कापड शे. पोयापावत धवानं नही."

त्यांच्या घरची ती रीत होती. देवीवर धरलेलं कापड पोळ्यापर्यंत धुवायचं नाही, त्यावरचं हळदकुंकू पाण्यात घालवायचं नाही, पायदळी येईल असं कुठं पसरायचं नाही. घडी करून उंचावर ठेवायचं. आबा बादलीशी तसेच बसून राहिले. त्यांना काय दिसत होतं ते मला आज कळतं. तूप, पीठ, ओल आणि काळोख. बुरशीला याहून चांगलं जेवण कुणी वाढलं नसतं. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर आबांनी त्याची सात पिढ्यांची शोभा केली असती. पण जिच्या हातची भाकरी रोज खाल्ली तिला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. "बरं, अक्का," म्हणाले आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा ओल्या कापडाची घडी केली. गाल लावून पाहिलंही नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी घडी उघडली तेव्हा वास व्हरांड्यातून माझ्या टेबलापर्यंत आला. घडीच्या प्रत्येक पदरावर काळं चढलं होतं. धुवायला साबण होता, लिंबं होती, पण ऊन नव्हतं. आभाळ दिवसचे दिवस उघडत नव्हतं, प्लास्टिक वाऱ्यानं चिरफाळलं होतं आणि वरच्या धरणातून पाणी सुटणार अशी बातमी होती. शिवाय शांताक्का येताजाता ते कापड बघत होत्या आणि बघून मान खाली घालत होत्या. त्यांना ते काळं दिसू नये म्हणून, नाव लवकर झाकावी म्हणून, की दोन्ही म्हणून, मला सांगता येणार नाही. आबा स्टोअरमध्ये गेले आणि त्यांनी पोत्यातून ब्लीचिंग पावडर काढली. संध्याकाळी कापड नावेवर चढलं तेव्हा बगळ्यासारखं पांढरं होतं. पंडितभाऊ म्हणाले, आबा, लेक उजळली तुझी. आबा हसले नाहीत.

पाणी भाद्रपदात सुटलं, भर सकाळी. भोंगा झाला, गेटं उघडली. पंपहाऊस होतं नदी आणि नाला यांच्या मधल्या तुकड्यावर. नदी चढली की नाला मागे फुगायचा आणि त्या तुकड्याचं बेट व्हायचं. दर पुरात पंडितभाऊ शेवटपर्यंत तिथं थांबत आणि मोटरी चेनपुलीनं वर उचलून ठेवत. मोटरी बुडाल्या तर गावांचा रब्बी गेला. मग आबा नाव घेऊन जात आणि त्यांना घेऊन येत. हे इतकं ठरलेलं होतं, की त्या दिवशीही कुणी घाबरलं नव्हतं. आबांना एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा, आणि पंडितभाऊंचं बोलणं ऑफिसातल्या आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"आबा, पानी पायरीवर उनं. नाव लई ये."

"उनू. चहा ठेव," आबा म्हणाले आणि इरलं घेऊन निघाले.

मी मागोमाग काठावर गेले, पूर बघायला. नाव जागेवर होती, पण काठोकाठ भरलेली. मधली शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली होती आणि रात्रभराचा पाऊस आत गेला होता. मागचा भाग मशीनसकट पाण्याखाली बसला होता. आबा तिथं उभे होते आणि उसवलेली शिवण बोटांत धरून बघत होते. दोरा चिमटीत घेतला की पीठ होत होता.

मग बादल्या आल्या, घमेली आली, सगळ्यांनी मिळून नाव उपसली. मशीन काही सुरू झालं नाही. आबांनी वल्हं घेतलं आणि एकटेच निघाले, कुणाचं ऐकलं नाही. धारेनं नाव उचलली आणि खालच्या बाभळींत नेऊन अडकवली. समोर पंपहाऊसच्या गच्चीवर पंडितभाऊ उभे होते. आधी ते हात हलवत होते. नंतर त्यांच्या लक्षात आलं असावं. ते गच्चीवर खाली बसले, आणि डोक्याचं उपरणं सोडून नीट घडी करून मांडीवर ठेवलेलं मी पाहिलं. नंतर पंपहाऊसची नदीकडची भिंत बसली. काठावर शांताक्का उभ्या होत्या, रेखा त्यांच्या पदराला धरून होती. आबांना दोर टाकून बाभळींतून ओढून काढलं तेव्हा ते जिवंत होते, आणि मला वाटतं, त्यांना तेवढंच नको होतं. पंडितभाऊ दुसऱ्या दिवशी खाली गाळात सापडले.

चौकशीला धुळ्याहून साहेब आले. भला माणूस होता. मी लिहून घ्यायला बसले होते. व्हरांड्यात बायका होत्या, त्यांत शांताक्का. साहेबांनी विचारायच्या आधीच आबा बोलले, "वल्ली घडी मी करी. पावडर मी टाकी."

साहेब म्हणाले, इतकी वर्षं तुम्ही हे कापड सांभाळलं, तुम्हाला माहीत नव्हतं का? आबा म्हणाले, माहीत होतं. मग का केलं? यावर आबा जमिनीकडे बघत राहिले. उत्तर दाराबाहेर बसलं होतं. आबांनी तिकडे नजरही वळवली नाही. साहेब हलकेच म्हणाले, आबा, इतका पाऊस झाला, कुठलंही कापड फाटलं असतं. अहवालात अतिवृष्टी असं लिहिलं गेलं. आबांना साधी नोटीससुद्धा मिळाली नाही.

पुढं महिनाभरानं ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. काही कामाचं असेल म्हणून मी पेन खाली ठेवलं. "माले कोनी मारं बी नही, माय," एवढंच म्हणाले आणि गेले.

नवी नाव आली, तिच्यावर नायलॉनचं कव्हर. त्याला बुरशी धरत नाही, ओलं फडकं फिरवलं की काम संपलं. आबा निवृत्त होईपर्यंत फडकं फिरवत राहिले. जुनं कापड भंगारात निघालं तेव्हा त्यांनी ते मागून घेतलं आणि डोक्यावर घालून घरी नेलं. शांताक्कांचा डबा चालूच राहिला. मला वाटलं होतं, तो बंद होईल, आणि मी तसं कुणाजवळ बोललेही होते. पण भाकरी बंद करणं त्या बाईच्या स्वभावात नव्हतं. पूर्वी डबा देताना त्या उंबऱ्यात टेकून चार गोष्टी बोलायच्या, नवऱ्याच्या कागाळ्या करायच्या. आता डबा ओट्यावर ठेवून निघून जायच्या. आबा घासून, वाळवून तो त्यांच्या ओट्यावर ठेवायचे. एकाच रांगेतली दोन घरं अशी वर्षानुवर्षं न बोलता जेवत होती. एकदा मी शांताक्कांना छेडलं, की आबांशी एक शब्द बोलत जा, म्हातारा झुरतोय. त्या भाकरी थापत होत्या. थापतच राहिल्या. मी निमूट उठून आले.

निवृत्तीनंतर आबा त्याच गावात एक खोली घेऊन राहिले. रेखाची सोयरीक धुळ्याच्या मुलाशी ठरली आणि वैशाखातली तारीख निघाली. त्या संध्याकाळी रेखा आबांकडे गेली. तिनंच मला हे सांगितलं. ती म्हणाली, आबा, बाबांनी सांगितलं होतं, ते कापड घेऊन या. आईला विचारलंस का, असं आबांनी विचारलं, तर ती म्हणाली, मी विचारलं नाही, लग्न माझं आहे.

तेव्हापासून आबांनी दुसरं काही केलं नाही. सगळी शिवण हातानं उसवली, पट्टी न पट्टी वेगळी केली. ब्रश, साबण, लिंबू-मीठ, सिरका. शिवणींच्या दुमडीत राहून गेलेले कानबाईच्या हळदीचे डाग साबणानं लाल झाले, मग उन्हानं उडाले. इतक्या वर्षांत मधोमध थाळीएवढा एक काळा डाग नव्यानं चढला होता, तो हलेना. आबा रोज त्याच्याशी बसायचे. छातीत बुरशीची धूळ गेली होती, खोकला थांबत नव्हता. धुळ्याच्या डॉक्टरांनी हे काम बंद करा असं बजावलं, तर आबांनी होकार दिला आणि परत येऊन उपरणं बांधलं. मी एका रविवारी गेले तेव्हा खोकत खोकत नव्या दोऱ्यानं पट्ट्या जोडत होते. तो डाग कुठं गेला म्हणून विचारलं. त्यांनी मला कापडावर शोधायला लावलं. मला सापडला नाही. त्या पुरानंतर आबांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मलाही वाटायला लागलं, की होईल, सगळं नीट होईल.

हळदीच्या दिवशी सकाळी क्वार्टरच्या अंगणात बांबू उभे होते आणि वर काही नव्हतं. शांताक्कांनी मांडव कुणालाच सांगितला नव्हता. त्यावरून आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनानं अर्थ काढला, की त्या कापडाची वाट पाहताहेत. आबांनीही तोच काढला असणार. ते धुतलेलं धोतर नेसून, डोक्यावर कापडाची घडी घेऊन आले. उन्हाचा तडाखा असा, की अंगणातल्या मातीवर पाय ठरत नव्हता. आदल्या आठ दिवसांत ते कापड रोज त्या उन्हात पडलं होतं. आबांनी ते बांबूंच्या मधे ठेवलं आणि एक पदर उलगडला. लिंबाचा आणि मेणाचा वास आला. रेखा हळदीच्या साडीत दारात येऊन उभी राहिली.

शांताक्का तिच्या मागून बाहेर आल्या. चालत कापडापाशी गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि वाकून त्यांनी गाल कापडाला लावला. डोळे मिटले. आबा जसं करत अगदी तसं, आणि तेवढाच वेळ. मग उठल्या आणि कितीतरी वर्षांनी आबांशी बोलल्या.

"आबा, आजून वल्लं शे."

ते कापड हाताला चटका बसेल इतकं तापलेलं होतं. अंगणातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, शांताक्कांना होतं, आबांना होतं. मला इतका राग आला, की मी पुढं झाले. काय बोलले असते कोण जाणे. पण आबांनी मला हातानं थांबवलं.

"हाव, अक्का," ते म्हणाले. "उनमा टाकस."

त्यांनी पदर परत घडीवर घातला, घडी डोक्यावर घेतली आणि काठाकडे चालू लागले. रेखा रडू लागली, तिला बायकांनी आत नेलं. शेजारच्या केळीच्या बागेतून कुणीतरी हिरवी जाळी आणली, ती बांबूंवर बांधली आणि हळद त्या जाळीखाली लागली. दुपारी पंगत बसायच्या आधी शांताक्कांनी ताट वाढलं, वर दुसरं ताट झाकलं आणि त्या स्वतः काठावर घेऊन गेल्या. मी कुंपणापाशी उभी राहून बघत होते. काठाच्या दगडांवर ते एवढं मोठं कापड पसरलेलं होतं आणि शेजारी आबा बसले होते. शांताक्कांनी ताट त्यांच्यापुढं ठेवलं, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. माझ्या जवळून गेल्या तेव्हा त्यांचा एक गाल लाल झालेला मला दिसला.

माझी जळगावला बदली झालेलीच होती, लग्नापुरती थांबले होते. संध्याकाळच्या गाडीसाठी निघाले तेव्हा ताट तसंच झाकलेलं होतं. आबांना हाक मारावी असं मनात आलं, पण मारली नाही. ते गुडघ्यावर बसले, खोकल्याची उबळ जाऊ दिली आणि वाकून गाल त्या तापलेल्या कापडाला लावला. बराच वेळ ते तसेच राहिले. मग मान हलवून उठले आणि त्यांनी कापडाची दुसरी बाजू उन्हाला दिली.